रसमडा ते वळीवडे

दुर्गहून राजनांदगावच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर रसमडा हे लहानसे स्थानक लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील हे गाव. येथून गोंदियापर्यंत जावे आणि तेथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट कोल्हापूर गाठावे, असा आमचा बेत होता. गाडी हलली तोच फलाटावर एका बालकाचा हात आईच्या हातातून सुटला व त्याने एकच टाहो फोडला. दुसऱ्याच क्षणी आईने त्याला उचलून उराशी धरले. प्रसंग एवढाच, परंतु आम्ही ज्या गावी निघालो होतो, तेथे एके काळी असे हात कायमचे सुटलेली मुले राहत होती.

कोल्हापूरलगतचे वळीवडे हे ते गाव. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर व स्टालिन यांच्या सैन्यांनी दोन बाजूंनी पोलंड गिळला. १९४० साली स्टालिनच्या पोलिसांनी असंख्य पोलिश कुटुंबांना घरांतून ओढून काढले, मालगाडीच्या डब्यांत कोंडले आणि सैबेरिया व कझाकस्तानात धाडले. त्याच वसंत ऋतूत कातीनच्या अरण्यात व इतरत्र सुमारे २२,००० पोलिश अधिकारी व नागरिक गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपले वडील कोठे गेले, हे कित्येक मुलांना वर्षानुवर्षे समजले नाही. मॉस्कोने या हत्याकांडाची कबुली दिली ती १९९० साली!

१९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा या बंदिवानांची सुटका झाली. भूक आणि रोगराई यांतून जे तगले, त्यांतील हजारो लोक १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. त्यांत अनाथ मुले पुष्कळ होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी त्याच वर्षी बालाचडी येथे शेकडो मुलांना आश्रय दिला. १९४३ मध्ये वळीवड्याची वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० पोलिश जीव येथे नांदले; बहुतेक स्त्रिया आणि मुलेच. बराकींच्या रांगा, शाळा, रुग्णालय, चर्च, बालवीरांची पथके, सारे काही होते. याच वर्षी बंगालात माणसे अन्नावाचून मरत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आश्रयाचे मोल अधिकच जाणवते.

१९४८ पर्यंत ही वसाहत रिकामी झाली. मायदेशी नवी राजवट आलेली. म्हणून पुष्कळांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा परमुलखांची वाट धरली. त्यांच्या मागोमाग त्याच जागी फाळणीने घर हिरावलेले सिंधी बांधव आले. आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे, ते हेच.

कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे, आणि वॉर्सा नगरीत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक २०१७ मध्ये उभे राहिले. नवलाची गोष्ट ही की, ज्यांनी आसरा दिला ते स्वतः परसत्तेखाली होते.

उद्यानातून परतताना रसमड्याच्या फलाटावरचे ते पोर आठवले. त्याची आई जवळच होती. वळीवड्यातील कित्येकांची नव्हती. तरी शाळेची घंटा झाली की तीही इतर मुलांसारखीच धावत सुटत असतील. मातृभूमी हरवलेल्या बालकाला आपण दुसरे काय देऊ शकतो? निवारा, पोटभर अन्न आणि उद्याच्या शाळेची खात्री. कोल्हापूरच्या मातीने एवढे दिले, आणि ते थोडे नव्हे.