मागे फिरण्याची सोय

शंभर जीबीची डिस्क असो की दहा टीबीची, तिचा स्नॅपशॉट, म्हणजे नंतर परत जाता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घ्यायला जवळपास सारखाच वेळ लागतो. सेकंद-दोन सेकंद, बस. या कामात नव्याने आलेल्या मुलांना ते पटत नाही. एवढा डेटा इतक्यात कॉपी झाला कसा, असं ती विचारतात. खरं तर त्या क्षणी डेटा कॉपी होतच नाही.

डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणाऱ्या लिनक्सच्या एलव्हीएमची जुनी पद्धत घ्या. स्नॅपशॉट घेताना आपण थोडी जागा राखून ठेवतो. त्यानंतर मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहायची वेळ आली, की आधी तिथला जुना मजकूर राखीव जागेत नेऊन ठेवला जातो आणि मगच नवा लिहिला जातो. ज्याला हात लागला नाही, ते मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट या दोघांचं सामाईक. याची किंमत मोजावी लागतेच. लिहिण्याचा वेग मंदावतो आणि बदल होतील तशी राखीव जागा भरत जाते. ती शंभर टक्के भरली की स्नॅपशॉट बाद. मूळ डेटा सुखरूप असतो, पण परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून स्नॅपशॉट घेऊन सुरू केलेलं अपग्रेड चालू असताना माझ्या स्क्रीनच्या एका कोपऱ्यात ‘एलव्हीएस’ ही कमांड सतत फिरत असते. पॅकेजं बसताना तिथला टक्क्यांचा आकडा चढत जातो. तो ऐंशीच्या पुढे जायच्या आत मी जागा वाढवून देतो.

दुसरी पद्धत मला अधिक आवडते. नेटॲपच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये आपल्या ‘वाफल’ या फाइल सिस्टिमबद्दल लिहिताना ती मांडली. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो आणि नवी नोंद फेरफार क्रमांकासह येते, तसंच इथेही. वापरातल्या जुन्या ब्लॉकवर लिहायचंच नाही. नवा मजकूर नव्या जागी जातो आणि त्याच्याकडे नेणारे पत्ते बदलले जातात. जुने पत्ते जपून ठेवले की झाला स्नॅपशॉट. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी घडवलेली झेडएफएस आणि ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना पुढे आणलेली बीटीआरएफएस याच वाटेच्या.

इथवरचं काम यंत्राचं. काय मागे न्यायचं आणि काय आहे तिथेच ठेवायचं, हे मात्र माणसाने ठरवायचं असतं. बिघडलेलं कुठलं आणि कष्टाने केलेलं कुठलं, हे स्नॅपशॉटला कळत नाही. तो सरसकट सगळं परत नेतो.

एका पतसंस्थेच्या सर्व्हरचं अपग्रेड आम्ही आधी स्नॅपशॉट घेऊन शनिवारी रात्री केलं. पासबुक छापणारा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जुळत नाही, हे सोमवारी दुपारी लक्षात आलं. तोवर सकाळचा भरणा नोंदला गेला होता. सिस्टिम आणि डेटाबेस एकाच व्हॉल्यूमवर असते, तर मागे जाताना लोकांनी काउंटरवर भरलेले पैसेही हिशेबातून पुसले गेले असते. दोन्ही वेगळे होते, म्हणून सिस्टिम तेवढी शनिवारच्या स्थितीला नेता आली. ‘एलव्हीकन्व्हर्ट’ या कमांडला स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूममध्ये मर्ज करायला सांगितलं. सिस्टिमचं रूट व्हॉल्यूम वापरात असल्यामुळे ते काम पुढच्या बूटपर्यंत थांबलं. मशीन रीबूट केलं आणि मर्ज मागे चालू असतानाच काउंटर सुरू झाले. डेटाबेसची आवृत्ती आम्ही मुद्दाम त्याच रात्री बदलली नव्हती. नव्या आवृत्तीने लिहिलेल्या फायली जुनीला वाचता येतीलच असं नसतं.

सिस्टिम आणि डेटा यांची अशी वाटणी करताना आणखी दोन जागा सांभाळाव्या लागतात. बूट पार्टिशन बहुधा एलव्हीएमच्या बाहेर असतं. रूट मागे गेलं तरी तिथला नवा कर्नल तसाच राहतो, त्याची मॉड्यूलं मात्र रूटबरोबर नाहीशी होतात. म्हणून जुना कर्नल काढून टाकायचा नाही. दुसरी जागा लॉगची. काय बिघडलं याचा पुरावाच मागे गेला तर दुरुस्ती कशाच्या आधारावर करणार? ओपनसुसेने हे ओळखून लॉग, होम वगैरेंसाठी वेगळे सबव्हॉल्यूम ठेवले आहेत. तिथलं ‘स्नॅपर’ हे साधन कुठलंही पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर एकेक स्नॅपशॉट घेतं, त्यामुळे दोहोंतला फरक पाहून मोजक्याच फायली पूर्ववत करता येतात.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येकाला बजावतो. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो. विंडोजवरचे कित्येक रॅन्समवेअर तर फायली कुलूपबंद करण्याच्या जोडीला शॅडो कॉपी, म्हणजे तिथले स्नॅपशॉट, पुसून टाकतात.

माझ्या सहकाऱ्यांना माझा आग्रह एवढाच असतो. नवा सर्व्हर उभा करताना, डिस्क रिकामी असतानाच, सिस्टिम, डेटा आणि लॉग यांना आपापली व्हॉल्यूमं द्या, व्हॉल्यूमांच्या गटात स्नॅपशॉटसाठी थोडी जागा मोकळी सोडा आणि चाचणीच्या मशीनवर एकदा खरोखर मागे जाऊन बघा. ‘चालतंय तर हात लावू नका’ म्हणत लोक सुरक्षेचे पॅच महिनोन्‌महिने लांबवतात आणि त्याच फटीतून हल्लेखोर आत शिरतात. परत येता येईल याची खात्री असलेला माणूस पॅच वेळेवर लावतो. माझ्या लेखी स्नॅपशॉटची खरी कमाई हीच आहे.