वाटसरूंचे खाते

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात केळापूर तालुका शोधून तेथे पोहोचणारा नवखा माणूस प्रथम थोडा गोंधळतो. तालुक्याचे नाव केळापूर. पण तहसील, बाजारपेठ, बँका, बसस्थानक हे सारे पांढरकवड्यात. केळापूर हे लगतचे छोटेसे गाव, जगदंबेच्या मंदिरासाठी आणि नवरात्रातील यात्रेसाठी प्रसिद्ध. मी बँकेचा तरुण अधिकारी म्हणून १९८७ साली पांढरकवड्यास रुजू झालो, तेव्हा बदलीच्या आदेशावरील तालुक्याचे नाव वाचून मीही बसवाहकाला केळापूरचेच तिकीट मागितले होते.

या गावाचे भाग्य रस्त्याने घडविले आहे. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा त्या वेळचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ येथून जात असे. आज तोच रस्ता श्रीनगर ते कन्याकुमारी या महामार्ग क्रमांक ४४ चा भाग आहे. मात्र या रस्त्याला आणखी एक नाव आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९५९ साली ज्या आशियाई महामार्गांची कल्पना मांडली गेली, त्यांपैकी क्रमांक ४३ चा महामार्ग हाच. तो आग्र्याहून निघतो, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, मदुराई करीत धनुष्कोडीला जातो आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत माताराला संपतो. आग्र्याला तो ज्या क्रमांक १ च्या महामार्गास मिळतो, त्याचे एक टोक टोकियोत आणि दुसरे तुर्कस्तानच्या पश्चिम सीमेवर आहे. म्हणजे पांढरकवड्याच्या अडत दुकानासमोरून जाणारी वाट, कागदावर का होईना, साऱ्या आशियाशी जोडलेली आहे. ती खरोखरच तशी जोडलेली आहे, हे मला कळायला मात्र पस्तीस वर्षे लागली.

पाठीवर पिशवी टाकून, थोड्या पैशांत, महिनोन्‌महिने आशियात हिंडणारे तरुण आपल्या पिढीने प्रथम सत्तरीच्या दशकात पाहिले. इस्तंबूलहून तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर करीत ते दिल्लीला येत आणि पुढे काठमांडू किंवा गोव्याच्या किनाऱ्याकडे वळत. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७२ साली लंडनहून निघून असाच आशिया ओलांडला. सिडनीला पोहोचले तेव्हा दोघांच्या खिशात मिळून २७ सेंट उरले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७३ साली एक लहानसे मार्गदर्शक पुस्तक काढले आणि त्यातून लोनली प्लॅनेट ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग जवळजवळ बंद पडला. प्रवासी मात्र थांबले नाहीत. ते विमानाने दिल्लीला किंवा काठमांडूला उतरून पुढे हिंडू लागले.

अशाच दोघांची गाठ माझ्याशी १९८८ च्या नोव्हेंबरात पडली. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा तो काळ. शेतकऱ्यांचे धनादेश घेऊन शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून हॉलंडचे एक बहीण-भाऊ माझ्या टेबलापर्यंत आले. नेपाळ पाहून, सेवाग्रामच्या आश्रमात काही दिवस राहून ते एसटीने टप्प्याटप्प्याने हैदराबादकडे निघाले होते. वाटेत बहिणीला थंडी वाजून ताप भरला, म्हणून ते पांढरकवड्यास उतरले. हातात रोकड फारशी नव्हती. होते ते प्रवासी धनादेश. त्यावर एक सही खरेदी करतानाची असते आणि दुसरी रोखपालासमोर करावयाची. मुलगा लेखणी काढून सही करायला तयारच होता.

मी धनादेश परत केले. आमच्या शाखेला परकीय चलनाचे व्यवहार करण्याचा अधिकार नव्हता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याचा धाक त्या काळात किती होता, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. "नागपूरला जावे लागेल," मी सांगितले. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. मुलगी बाकावर भिंतीला डोके टेकून बसली होती. मी सांगितले ते अक्षरशः योग्य होते आणि पुढच्या शेतकऱ्याचा धनादेश मी हातात घेतला.

माझ्यासमोर एक खातेदार हुंडणावळ भरून ड्राफ्टची वाट पाहत बसले होते. गावात तूर-ज्वारीची त्यांची अडत होती, आपल्याच समाजातले. त्यांनी सारे ऐकले, उठले आणि त्या मुलाला खुणेने म्हणाले, चला. मी त्यांना थांबवून हळूच सांगितले, "शेठजी, ओळख ना पाळख. उद्या काही झाले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल." ते म्हणाले, "साहेब, नियम तुमच्या बँकेला आहे. माझ्या दुकानाला कुठे आहे?"

चार दिवस ती भावंडे त्यांच्या घरी राहिली. पोलीस ठाण्यात रीतसर कळविण्याचे कामही शेठजींनीच केले. डॉक्टरांनी हिवतापाचे निदान केले. शेठजींच्या आईला सारे गाव माँजी म्हणत असे. त्यांनी मुलीची शुश्रूषा केली. भारतात आल्यापासून प्रत्येक घोट पाण्याची धास्ती घेणाऱ्या त्या दोघांना, येथे घरातले प्रत्येक माणूस उकळलेलेच पाणी पिते याचे फार नवल वाटले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, हे पहिल्या दिवशी त्यांना कळले नाही. रात्री आठ वाजता मुलाला भूक लागली, तेव्हा माँजींनी स्वतःचा चौविहार सांभाळून त्याला मुगाची खिचडी रांधून वाढली. आपला नियम आपल्यासाठी, पाहुण्यावर तो लादायचा नाही, एवढे त्या निरक्षर बाईंना कळत होते. नियमांची पुस्तके कोळून प्यालेल्या मला त्या दुपारी ते कळले नव्हते.

निघताना शेठजींनी मुलाच्या हातावर सहाशे रुपये ठेवले. पावती नाही, चिठ्ठी नाही. नंतर बँकेत भेट झाली तेव्हा मी विचारले, ही रक्कम कोणत्या खात्यात दाखविलीत? ते हसून म्हणाले, "धर्मादा. उधारीत लिहिली असती तर रोज वाट पाहावी लागली असती."

त्या दिवशी माझ्या खिशात पैसे होते की नव्हते, हा प्रश्न पुढे मला अनेकदा पडला. होते, घरभाड्यासाठी काढलेले चारशे रुपये होते. बँकेने धनादेश वटविणे नियमबाह्य होते, पण मी माझे शंभर रुपये देणे नियमबाह्य नव्हते. दोन तास लवकर उठून डॉक्टरांकडे पोहोचविणेही नव्हते. नियम शाखेला होता. मी तो स्वतःला लावून घेतला, कारण तसे करणे सोयीचे होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एकही ठपका आला नाही. हा ठपका कोणत्याही सेवापुस्तकात नाही.

पुढे बदल्या होत गेल्या, पांढरकवडा मागे पडले. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा सतीश कुमार यांची हकीकत वाचनात आली. राजस्थानातील श्रीडुंगरगढचे हे गृहस्थ नवव्या वर्षी तेरापंथी साधू झाले, अठराव्या वर्षी संघ सोडून विनोबांच्या कार्यात आले. १ जून १९६२ रोजी ई. पी. मेनन या सहकाऱ्यासह ते दिल्लीच्या राजघाटावरून अण्वस्त्रविरोधी पदयात्रेस निघाले. जवळ एक पैसाही ठेवायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही, हा विनोबांचा सल्ला त्यांनी पाळला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडून ते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टनला पोहोचले. पाकिस्तानच्या सीमेवर निरोप द्यायला आलेल्या मैत्रिणीने शिधा बांधून आणला होता. तो त्यांनी घेतला नाही. पलीकडची माणसे खायला देणार नाहीत, हा अविश्वास सोबत बांधून न्यायचा नव्हता. आणि सीमा ओलांडताच एक अनोळखी पाकिस्तानी गृहस्थ त्यांना घरी न्यायला उभे होते. पैसा न बाळगता, पायी, मिळेल तेथे मुक्काम करीत जाणे आपल्या समाजाला नवे नाही. साधू-साध्वींचा विहार आपण पिढ्यानपिढ्या पाहतो. फरक इतकाच की विहाराच्या वाटेवर श्रावकांची घरे असतात. या दोघांच्या वाटेवर ती नव्हती आणि तरीही दारे उघडली.

वाचताना हे सारे भव्य वाटले. पण २०२३ साली माझी धाकटी मुलगी नोकरीतून दोन महिन्यांची रजा घेऊन एकटीच थायलंड, लाओस, व्हिएतनामला निघाली, तेव्हा माझी भव्यता गळून पडली. मी विरोध केला. एकटी मुलगी, परका मुलुख, आणि आपण खायचे काय? तिच्या आईने विरोध केला नाही. अर्धी पिशवी खाकरा, चिवडा आणि शेंगदाण्याच्या चटणीने भरून दिली. मी अखेरीस एवढेच मागितले की पारपत्र आणि एक जादा कार्ड कमरेच्या पट्ट्यात, अंगावरच राहील.

जेवणाची माझी भीती बहुतांशी अज्ञानाची होती, ती मुलीने फोनवरून दूर केली. थायलंडमध्ये नुसते शाकाहारी म्हटले तर अंडे किंवा माशाचे सार येऊ शकते. परंतु ‘जे’ असा शब्द वापरला, की मांस, मासे, अंडी, दूधच नव्हे, तर कांदा-लसूणही वर्ज्य असलेले जेवण मिळते; अशा दुकानांवर पिवळ्या फलकावर लाल अक्षरे असतात. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेतील असेच जेवण ‘चाय’ या नावाने मिळते आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक कुटुंबे तेच जेवतात. कंदमुळांचा विचार तेथे नाही, तो आपला आपण करावा लागतो. आपल्याच नियमांचे सख्खे नातलग इतक्या दूर नांदत आहेत, हे मला साठीनंतर कळले.

मग एका सकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. व्हिएतनाममधील निन्ह बिन्ह येथे रात्रीच्या बसमधून उतरताना तिची छोटी पिशवी आतच राहिली. फोन आणि सारी रोकड तिच्यात. पारपत्र कमरेला होते. पण जादा कार्ड यंत्राने दोनदा नाकारले. पहाटे साडेपाचला ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती, कारण फलकावर ‘चाय’ लिहिलेले तिला वाचता आले. दुकान उघडायला आलेल्या बाईंना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी आधी भाताची पेज वाढली, मग मुलाला उठवून बसवाल्यांना फोन लावायला सांगितले, दोन रात्री माडीवर झोपायला जागा दिली आणि पाच लाख डाँग, म्हणजे आपले सतराशे रुपये, हातात ठेवले. तिसऱ्या दिवशी पिशवी परत आली. मुलीने सहा लाख पुढे केले, तर बाईंनी मोजून एक लाख परत दिले.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून होतो. पायरीवर बसलेली मुलगी मला दिसत होती, पण मधूनच ती बाकावर भिंतीला डोके टेकून बसलेली दिसे आणि माझ्या हातात पुढच्या शेतकऱ्याचा धनादेश असे.

मुलगी परतल्यावर, २०२४ च्या जानेवारीत, आम्ही दोघे पांढरकवड्यास गेलो. रस्ता आता चौपदरी झाला आहे. नागपूर-हैदराबाद गाड्या न थांबता निघून जातात. गावात पर्यटक येतात ते टिपेश्वर अभयारण्यातील वाघ पाहायला. त्याच जंगलातील एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि विदर्भ-तेलंगणातून सुमारे तीन हजार किलोमीटर चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. एवढ्या वाटेवर किती शेते, किती गावे त्याने निमूटपणे ओलांडली असतील!

शेठजी आणि माँजी आता नाहीत. अडत मुलगा पाहतो. मी माझी ओळख सांगितली, जुनी हकीकत सांगितली. तो उठला आणि कपाटातून लाल कापडी बांधणीची एक वही घेऊन आला. १९८८ च्या दिवाळीला पूजलेली. धर्मादा खात्यात सहाशे रुपये नावे, शेरा: "परदेशी वाटसरू". पुढील फेब्रुवारीत सहाशे रुपये जमा. मद्रासहून मनीऑर्डर आली होती. शेठजींनी ते पैसे दुकानाच्या शिलकीत घेतले नव्हते. धर्मादातून गेलेले धर्मादातच परतले होते आणि मेमध्ये पुन्हा नावे पडले होते, मुंबईच्या एका सायकलस्वारासाठी. त्यानंतर कधी ट्रकचालक, कधी पंढरीचे वारकरी, कधी चाक मोडलेले कोणी. काही रकमा परतल्या, बऱ्याच परतल्या नाहीत. वर्षामागून वर्षे तीच बाकी नव्या वहीत ओढली गेली होती.

"आता संगणकावर हिशेब असतो," मुलगा म्हणाला, "पण हे खाते बंद केले नाही, काका. सायकलवाले अजून येतात, काश्मीर ते कन्याकुमारी जाणारे. हिवाळ्यात महिन्याला एक-दोन तरी."

मी सतराशे रुपये त्याच्यापुढे ठेवले. त्याने सवयीने पावतीपुस्तक ओढले. मी नको म्हणालो. नाव काय लिहू, असे त्याने विचारले, तेव्हा मुलगीच म्हणाली, "निन्ह बिन्हची बाई."

त्याने तसेच लिहिले. आम्ही निघेपर्यंत चार वाजत आले होते. सूर्यास्ताआधी जेवून जा, असा आग्रह घरातून झाला आणि आम्ही थांबलो.