आवाजातले खंड

बिघाडाचे दोन प्रकार असतात. पहिला उघड असतो. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, नळाला पाणी येत नाही. अशा बिघाडाशी माणसाचे भांडण सरळ असते. दुसरा प्रकार एकाआड एक दिवस येणाऱ्या हिवतापासारखा. वैद्य नाडी पाहतो त्या वेळी अंग गार असते. कारागीर दारात आला की यंत्र शहाण्या मुलासारखे वागू लागते आणि त्याची पाठ वळताच आपल्या मूळ स्वभावावर जाते. अशा बिघाडात यंत्रापेक्षा तक्रार करणाऱ्यावरच अविश्वास दाखवला जातो. तुम्हाला भास झाला असेल, असे कोणी उघडपणे म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते वाचता येते.

आमच्या घरी हा अविश्वास आईच्या वाट्याला आला. आणि तोही आधी तिने स्वतःच स्वतःवर दाखवला.

जबलपूर हे नर्मदेकाठचे शहर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. पुढे इंग्रज आले, छावणी आली, 1904 साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. माझे आजोबा विदर्भातून त्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. तिसऱ्या पिढीपर्यंत घरातल्या भाषेचे हळूहळू दोन भाग पडले. बाजार, शाळा, शेजार हिंदीत. स्वयंपाकघर, देवघर आणि रागावणे मराठीत. आता चौथी पिढी आजीशीही हिंदीतच बोलते. घरात मराठी बोलणारी माणसे दोनच उरली आहेत, आई आणि मी. तिसरा बोलणारा म्हणजे दिवाणखान्यातला दूरदर्शनसंच.

वडिलांच्या काळी हे काम रेडिओ करीत असे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले. इथून ते सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर. दिवसा त्याच्या लहरी जमिनीलगत येत, थकलेल्या आणि क्षीण. सूर्य मावळला की आकाशातला, या लहरी शोषून घेणारा खालचा विद्युत्भारित थर विरून जाई आणि त्याच्यावरच्या थरांवर आपटून त्याच लहरी दुसऱ्या वाटेने खाली उतरत. दोन वाटांनी आलेला तोच आवाज कधी स्वतःला साथ देई, कधी स्वतःलाच छेद देई. म्हणून रात्रीचे मराठी कार्यक्रम भरती-ओहोटीसारखे ऐकू येत. नाट्यगीताची तान वर जाता जाता मंदावे, खरखरीत बुडे आणि पुन्हा तरंगत वर येई. वडील कान रेडिओला लावून बसत. गेलेला शब्द आधीच्या आणि पुढच्या शब्दांवरून जुळवून घेण्याची त्यांना सवय झाली होती. त्या आवाजाचे जाणेसुद्धा ऐकू येत असे. तो दूर जातो आहे हे कळे, त्यामुळे तो परत येईल असा भरवसाही वाटे.

नव्या काळाचा आवाज असा जात नाही. माझ्या मुलाने नोकरी लागल्यावर घरी पाच स्पीकरांचा संच आणून बसवला. समोर तीन, मागे दोन, आणि खर्जासाठी कोपऱ्यात एक लाकडी खोके. समोरच्या तिघांपैकी मधल्या स्पीकरकडे चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद दिलेले असतात. उजवी-डावीकडचे संगीत सांभाळतात, मागचे दोघे पाऊस, गर्दी, पाखरे असे सभोवतालचे जग पुरवतात. चित्रपटगृहांत ही अंकीय रचना 1992 पासून रूढ होऊ लागली आणि मग घरोघर आली. आईला यातला मधला स्पीकर फार आवडला. जुनी मराठी नाटके ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून ऐकू लागली. मागच्या पाखरांचे तिला काही विशेष नव्हते.

यंदाच्या एप्रिलअखेरीस तिने नाटके बंद केली. विचारले तर म्हणाली, "आता कान गेले माझे. मधली मधली वाक्यं निसटतात. चौऱ्याऐंशी झाली, किती ऐकायचं?"

हे तिने इतक्या सहजपणे सांगितले की कोणालाही खरे वाटावे. नाहीतरी ती बोलणे पुन्हा विचारू लागली होती. जेवताना गप्प बसू लागली होती. म्हातारपणी ऐकणे कमी होते तेव्हा माणूस आधी प्रश्न विचारतो, मग अंदाजाने हसतो आणि शेवटी खोलीतच थांबतो. तिचा प्रवास दुसऱ्या टप्प्याशी आला होता. पण एक गोष्ट मला जुळेना. वयाने येणारे बहिरेपण वाक्ये गिळत नाही. ते वरच्या पट्टीतले ध्वनी आधी नेते. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची धार बोथट होते, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे बोललेले ऐकू येते, पण उमगत नाही. अख्खे वाक्य दोन सेकंद नाहीसे होऊन पुढचे स्वच्छ ऐकू येणे हे कानाच्या रीतीत बसत नव्हते.

मी एक वही घातली. संध्याकाळी आई आणि मी शेजारी बसायचो. आवाज तुटला असे वाटले की ज्याने त्याने बोट वर करायचे, एकमेकांकडे पाहायचे नाही. समोर बसलेली माझी बायको वेळ लिहायची. पहिल्याच संध्याकाळी अकरा नोंदी झाल्या आणि अकराही वेळा दोघांची बोटे बरोबरच वर गेली. आई वहीकडे बराच वेळ पाहत राहिली. "म्हणजे तुलाही नाही ऐकू आलं?" तिने विचारले. त्या प्रश्नातला आनंद मी विसरणार नाही.

यापुढचा शोध सोपा नव्हता, पण त्याला दिशा होती. आवाज एका स्पीकरमधून जातो की सगळ्यांतून? एकातून गेला असता तर त्याची तार, तिचे सैल टोक किंवा पेचाबाहेर निसटून शेजारच्या टोकाला टेकलेला तांब्याचा एखादा केस तपासला असता. इथे पाचही एकदम मुके होत. जुना कॅसेट-प्लेअर त्याच संचाला जोडून तासभर लावला. खंड पडला नाही. म्हणजे संच आणि स्पीकर निर्दोष होते. दोष होता दूरदर्शनपासून संचापर्यंतच्या वाटेत. तिथली तार बदलली, खंड तसेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी पाळला. दोन बदलल्या तर गुण कोणाचा ते कळत नाही.

या वाटेवरून आवाज अंकांच्या रूपाने जातो, लहान लहान गाठोड्यांत. रूढ पद्धतीत सेकंदाला 48,000 नमुने घेतात आणि 1,536 नमुन्यांचे एक गाठोडे होते, म्हणजे सेकंदाचा सुमारे एकतिसावा भाग. प्रत्येक गाठोड्यासोबत पडताळ्याचे आकडे असतात. ते जुळले नाहीत तर घेणारे यंत्र चुकीचा आवाज काढण्यापेक्षा गप्प बसते. वाटेवरचा ताळच सुटला तर दोन्ही यंत्रांना एकमेकांची ओळख पुन्हा पटवून घ्यावी लागते, आणि त्यात सेकंद-दोन सेकंद जातात. धक्का क्षणाचा असतो, मौन लांबते. रेडिओ निम्मा-अर्धा शब्द तरी देत असे; इथे सगळे असते किंवा काहीच नसते.

पण धक्का देत कोण होते? वहीने त्याचे उत्तर अर्धे दिले होते. नोंदी संध्याकाळच्या आणि त्याही काही मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या. उरलेले अर्धे उत्तर आईने दिले. ती म्हणाली, "आवाज जातो तेव्हा फ्रिज घुरघुरायला लागतो." वरच्या पट्टीतले तिला कमी ऐकू येते, पण खालच्या पट्टीतले, फ्रिज सुरू होतानाचे ते दबके गुरगुरणे तिला माझ्याआधी ऐकू येई. पुढच्या संध्याकाळी वहीत एक रकाना वाढवला. नऊ खंडांपैकी सात फ्रिज चालू किंवा बंद होतानाचे, दोन कूलरची कळ दाबतानाचे.

मग गल्लीतले एक वयोवृद्ध वीजमिस्त्री बोलावले. त्यांनी संचाच्या धातूच्या पेटीवर बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली आणि विचारले, "भैयाजी, अर्थिंग में पानी कब डाला था?" पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात हे आईला ठाऊक होते, तिने तेही वयाच्या खात्यावर मांडले होते.

22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, 5.8 तीव्रतेचा. आमच्या भिंतींना तडे गेले. दुरुस्तीत वीज नव्याने फिरवली आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. धातूच्या नळीभोवती कोळसा आणि मीठ भरतात ते ओल धरून ठेवण्यासाठी. माती ओली असेल तर ती भरकटलेली वीज पोटात घेते, कोरडी झाली की नाकारते. पुढे त्या खड्ड्यावर फरशी बसली, फरशीवर तुळशीच्या कुंड्या आल्या. पाणी कुंड्यांना मिळत राहिले. मेच्या उन्हात खालची माती हाडासारखी सुकली, आणि जमिनीत जायची ती वीज दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेच्या आवरणातून वाट काढू लागली. फ्रिजने हिसका दिला की त्या वाटेवरचा ताळ सुटे. पावसाळ्यात हे आपोआप थांबले असते आणि बिघाड सापडलाच नसता.

फरशी उचलून खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतले. त्या संध्याकाळी खंड दोनच पडले. मग मिस्त्रींच्या सल्ल्याने तांब्याची तार काढून काचतंतूसारख्या धाग्याची तार घातली. 1983 साली जपानमध्ये निघालेल्या या पद्धतीत आवाज तांबड्या प्रकाशाच्या उघडझापीने जातो. दोन यंत्रांमध्ये धातूच उरला नाही, त्यामुळे भरकटलेल्या विजेला वाटही उरली नाही. तिसऱ्या संध्याकाळी वहीतले पान कोरे राहिले. झिणझिण्याही थांबल्या. खरे तर तोच मोठा लाभ होता. कोरडे अर्थिंग एखाद्या दिवशी आवाजाऐवजी माणूसच घेऊन गेले असते.

यानंतर आई कानाच्या डॉक्टरांकडे यायला आपण होऊन तयार झाली. तपासणीचा आलेख निघाला. रेषा डावीकडे जवळजवळ सपाट जाते आणि उजवीकडे, वरच्या पट्ट्यांत, भेडाघाटच्या कड्यासारखी खाली उतरते. तिचे बहिरेपण खोटे नव्हतेच. त्याची हद्द मात्र आता आखून मिळाली. धुआँधारचा धबधबा तिला पूर्वीइतकाच ऐकू येतो. त्याच्या काठावर उभे राहून बोलणाऱ्याचे शब्द येत नाहीत. तिने कानयंत्र घेतले आहे. ते ती दुपारी काढून ठेवते. मधल्या स्पीकरचा आवाज आम्ही इतरांपेक्षा थोडा चढा ठेवला आहे.

परवा नाटक संपल्यावर ती म्हणाली, "आता जे ऐकू येत नाही, ते माझं." त्या बोलण्यात खेद नव्हता. पुष्कळ दिवस मिसळून गेलेले दोन हिशेब वेगळे करून मिळाल्यावर माणसाला वाटते तेवढे समाधान होते. मग तिने नातवाला हाक मारली, समोर बसवले आणि बजावले, की माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे करायचे, सावकाश बोलायचे, आणि मराठीत. हिंदीतले शब्द निसटले तर तिला ते मागचे-पुढचे पाहून जुळवता येत नाहीत. मराठीतले येतात, ती सवय या घराला जुनी आहे.