घरगुती कारणास्तव

जिल्ह्याच्या एका कचेरीत आस्थापना शाखेचे मेज मी सतरा वर्षे सांभाळले. या अवधीत रजेचे आणि स्वेच्छानिवृत्तीचे जे असंख्य अर्ज माझ्या हातांखालून गेले, त्यांतील कित्येकांत, विशेषतः पन्नाशीकडे झुकलेल्या भगिनींच्या अर्जांत, ‘घरगुती कारणास्तव’ एवढेच दोन शब्द असत, आणि ‘मंजुरीस हरकत नसावी’ अशी टिपणी लिहून मी नस्ती पुढे सरकवीत असे. त्या दोन शब्दांआड काय असते, हे २०१९ साली माझ्या सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली तेव्हा मला उमगले.

माझी कन्या अवघ्या तीन महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले, ती याच सासूबाईंच्या भरवशावर. मुलीचे न्हाऊमाखू, तिच्या कांजिण्या, तिची शाळा हे सारे त्यांनी निभावले, म्हणूनच माझ्या सेवापुस्तकात चोवीस वर्षांची अखंड सेवा नोंदली गेली. त्या सेवेखाली त्यांनी घातलेल्या दिवसांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. आता त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे होते, चमच्याने पेज भरवायची होती, आणि यजमानांची नोकरी फिरतीची होती.

वर्षाला ३० दिवस मिळणारी अर्जित रजा मी साठवली होती. ती चार महिन्यांत सरली. मग १९८१ चे रजा नियम, जे मला जवळजवळ मुखोद्गत होते, ते मी गरजवंताच्या दृष्टीने पुन्हा चाळले. प्रसूतीसाठी रजा होती. २०१८ साली शासनाने दिलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा होती, जिचा निर्णय मीच हर्षभराने सर्व शाखांत फिरवला होता. परंतु वार्धक्याच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र तरतूद मला आढळली नाही. उरली ती बिनपगारी असाधारण रजा.

२००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचे उत्तरदायित्व अपत्यांवर टाकले, ते योग्यच केले. मात्र ते रुपयांत मोजले, वेळ कोठून आणावा ते सांगितले नाही, आणि जी सून उशाशी बसते ती तर त्या कायद्यातील अपत्यांच्या व्याख्येत येतच नाही. जपानमध्ये एका आप्ताच्या शुश्रूषेसाठी ९३ दिवसांची रजा तीन हप्त्यांत घेता येते, आणि पतीचे मातापिताही त्यात गणले जातात. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती. मूल दिवसागणिक स्वावलंबी होते. वृद्धाचे परावलंबन वाढत जाते, आणि त्याची मुदत कोणासही सांगता येत नाही. म्हणून केवळ दिवस मोजून देणारी रजा येथे अपुरी आहे. अर्ध्या दिवसाचे काम आणि शुश्रूषा संपल्यावर त्याच पदावर परतण्याचा हक्क, ही जोड तिला हवीच.

माझ्यासाठी तसे काही नव्हते. स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस मी स्वतःच लिहावयास बसले, आणि कारणाच्या जागी सवयीने ते दोन शब्द उमटले. ते मी खोडले व लिहिले, ‘पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंच्या शुश्रूषेसाठी’. मेजावर माझ्या जागी आलेल्या तरुण लिपिकाने, “बाई, प्रघातानुसार घरगुती कारण लिहू का?” असे आदराने विचारले. मी म्हटले, “नको. निदान एका नस्तीत तरी खरे कारण राहू द्या.”