साठ रुपयांचं पॅकिंग

डिझेल पंपाचं बिल 14,200 रुपये झालं, त्याचं मला एवढं काही वाटत नाही. जुनी गाडी ठेवायची तर पंप-नोझल आज ना उद्या करावेच लागतात. टोचते ती त्याच्या आधीच्या, मार्चमधल्या बिलातली एक ओळ : ‘टाकी गेज पॅकिंग, नवीन, 60 रुपये’.

गाडी 2006 ची चारशेसात टेम्पो. हंगामात पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट वाशीला, येताना मिळेल ते भाडं. गेजचा काटा मेला होता म्हणून मार्चमध्ये मिस्त्रीकडून टाकीतला फ्लोट बदलून घेतला. पावसाळ्यात ड्रायव्हर म्हणू लागला, ‘‘भाऊ, कॅबिनमध्ये डिझेल मारतंय.’’ जुन्या डिझेल गाडीला वास असायचाच, असं सांगणारे मला रस्त्यावर शंभर भेटले. खोटं आहे. धडधाकट गाडी, कितीही जुनी असो, आत बसणाऱ्याचं डोकं दुखवत नाही.

त्याच मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पंपाच्या अंगावरचा ओलसर थर बोटाने पुसला आणि निकाल दिला, ‘‘शेठ, पंपाची सील गेली.’’ पंप उतरला, पंपवाल्याकडे गेला, त्याच्यासोबत नोझलही गेले. गाडी परत आली ती छान ओढायला लागली, धूर कमी झाला. वास जिथल्या तिथे. मग फिल्टर बदलला, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले. वास आहेच. शेवटी ते ठरलेलं वाक्य आलं, ‘‘जुनी गाडी आहे, शेठ.’’

खरा धागा ड्रायव्हरच्या तोंडून निघाला. तो सहज बोलून गेला की जाताना वास मारतो, येताना नाही. पंप तर जाताना-येताना सारखाच चालतो! फरक एकच : घरून निघताना टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते, वाशीहून परतताना अर्धीच्या खाली. शिवाय गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन कुठे सैल असती, तर तिने हवा ओढली असती आणि चालू व्हायला त्रास दिला असता. म्हणजे दोष टाकीच्या वरच्या अंगाला.

रविवारी पुतण्याला घेऊन बसलो. टाकी भरून आणली. टाकीचा वरचा भाग चिंधीने कोरडा केला आणि त्यावर कॅरमची बोरिक पावडर भुरभुरली. गाडी तासभर गल्लीतल्या उतारावर, तोंड खाली करून उभी केली. टॉर्च मारला तर गेजच्या चकतीच्या एका कडेला पांढऱ्या पावडरीत करड्या रंगाची नखाएवढी कोर उमटलेली. बघता बघता ती बोटभर झाली.

चकती खोलली. आत जुनंच कॉर्कचं पॅकिंग, एका जागी तुटलेलं, आणि तुटलेल्या जागी सिलिकॉनच्या ट्यूबचा लेप. साधं सिलिकॉन डिझेलमध्ये टिकत नाही, फुगतं आणि सोलून निघतं. ते नखाने उचललं तर सालीसारखं हातात आलं. पाचांपैकी एका स्क्रूचा आटा गेलेला, तो नुसताच ठेवून दिलेला.

पेट्रोल पंपावरचं डिझेल जमिनीखालच्या टाकीतून थंड येतं. ते 15 अंशांनी तापलं तर 60 लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास फुगतं, आणि इंजिनाकडून रिटर्न पाईपने परत येणारं डिझेल त्याला तापवतच असतं. त्यात कसारा घाटाची वळणं. डिझेल वर उसळायचं, कडेने झिरपायचं, टाकीवरच्या धुळीत मुरायचं. घाटात गाड्यांची रांग लागली, वारा थांबला, की गिअरच्या फाटक्या रबरी बुटातून वास सरळ कॅबिनमध्ये.

पॅकिंग तुटलं होतं तर सांगायचं, दुकानातून आणून दिलं असतं. दुकान बंद होतं तर ‘उद्या बसवतो’ म्हणायचं. लेप लावलाच, तर निदान बिलात लिहायचं नाही. पण त्याने लिहिलं, आणि लिहिताना ‘नवीन’ हा शब्दसुद्धा घातला. पंपाच्या कामात त्याची चूक झाली असेल, चूक माणसाची होते. हे 60 रुपये म्हणजे चूक नव्हे.

ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांना एवढंच सांगेन : वास आला की आधी तो कधी येतो ते बघा. टाकी भरलेली असताना, चढावर, की स्लोवर उभी असताना? मग पाने हातात घ्या. आणि डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही या भरवशावर राहू नका. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकलं तर त्याला ठिणगीचीही गरज पडत नाही. बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

हे सगळं मी तावातावाने सांगतो आणि परवा क्लच प्लेट टाकायला गाडी त्याच मिस्त्रीकडे लावली. पुतण्या चिडला. पण रात्री दोनला इगतपुरीजवळ गाडी उभी राहिली, माल नासायला लागला, की फोन उचलून मोटारसायकलवर सामान घेऊन येणारा तोच एक आहे. जुना क्लच मी मागून घेतला. त्याने काही न बोलता पोत्यात घालून दिला.