गोदामांच्या मागची खाडी

भिवंडी म्हटलं की काय आठवतं? पॉवरलूमची खडखड, गोदामं, ट्रकांची रांग. ‘पक्षी बघायला भिवंडीला चाललेय’ म्हटल्यावर मैत्रिणी फिस्सकन हसल्याच. हसू देत!

सकाळी ओहोटी आणि दुपारी भरती असेल असा थंडीतला रविवार निवडा. अंजूरफाट्याहून चिंचोटी रस्त्याने सायकल काढा, तीही उजाडतानाच. नंतर कंटेनर आणि धुळीत जीव मुठीत! खारबावनंतर मुख्य रस्ता सोडून खाडीकडे वळायचं आणि गावात सायकल लावून बांधावरून चालत सुटायचं. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला तिवरं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं ही या झाडांची नाकं, त्यांनीच ती श्वास घेतात. मधल्या चिखलात निवट्या चक्क उड्या मारतात. मासा असून! शेकाट्यांचे लांब लालसर पाय तर कुठल्याही मॉडेलला लाजवतील.

गावातच तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. मग होडी. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे वेळ आधी विचारून ठेवा.

होडीवाल्या काकांनी मध्येच वल्हं थांबवलं. “हितं तिवरं व्हती.” तिथे आता डेब्रिजचा भराव, मागे निळ्या पत्र्याचं गोदाम. तिवरं तोडायला, त्यावर भराव टाकायला मुंबई हायकोर्टाने २०१८ सालीच राज्यभर मनाई केलीय. “गाड्या रात्रीच्या येतात,” काका म्हणाले आणि पुन्हा वल्हवू लागले.

परत सायकल मारायचा कंटाळा येणाऱ्यांनो, वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. टाइमटेबल बघूनच कंटाळा करा.