सवलतीचे गुण

तरुणपणी माणसे एकमेकांना पगार विचारतात, मध्यम वयात मुलांचे टक्के विचारतात आणि म्हातारपणी साखर विचारतात. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी सात वाजता जाऊन बसा, म्हणजे माझ्या म्हणण्याची प्रचीती येईल. "काय, काल किती आली?" हा प्रश्न कानांवर पडला तर तो पेन्शनच्या फरकाविषयी असेल अशी समजूत करून घेऊ नका. उपाशीपोटी ११० आलेला गृहस्थ वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखा ताठ चालतो. १८०वाला बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून मागे रेंगाळतो.

या मंडळींत मी गेली बावीस वर्षे आहे. त्यापूर्वी आणि नंतरही काही काळ मी शाळेत गणित शिकवले. एकूण चौतीस वर्षे. त्यामुळे आकडा दिसला की तो वहीत उतरवायचा, ही सवय हाडीमाशी खिळलेली. मधुमेहाचे निदान झाले त्याच दिवशी शंभर पानी वही आणली, उभ्या रेघा मारल्या. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, शेरा. मर्यादेबाहेरचा आकडा लाल शाईने. आज अशा अकरा वह्या कपाटात आहेत. "पोरांच्या वह्या तपासून झाल्या, आता स्वतःच्या तपासत बसतात," असे आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या देखत सांगितले जाते. सांगणारे माणूस कोण, हे विवाहित वाचकांना सांगायला नकोच.

हा रोग असा की त्यावर सल्ला देण्यासाठी तो स्वतःला असावा लागत नाही. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड हे सर्व माझ्या पोटात कोणा ना कोणा हितचिंतकाच्या आग्रहाने जाऊन आले आहे. "साखर नको, पण गूळ चालतो हो," असे सांगणारे तर प्रत्येक घरात एक असतेच. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, फक्त कपडे बदललेली. ज्वारीची भाकरी चांगली, परंतु चार खाल्ल्या तर तीही आपला हिशेब चुकता करून घेते. आपल्या पूर्वजांना या रोगाची ओळख फार जुनी. चरकसंहितेत रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे लक्षण सांगितले आहे. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हा हे काम मुंग्यांनी केले आणि कधी बिल पाठवले नाही.

ओळख जुनी असली तरी उपाय मात्र नव्हता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाची मुले हाती लागली की डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवीत. तेवढेच चार महिने अधिक मिळत. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये तिथल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. मी रोज घेतो ती मेटफॉर्मिनची गोळी पॅरिसच्या एका डॉक्टरने १९५७ साली पुढे आणली. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. म्हणजे मधुमेह झालेला माणूस पंचाहत्तरी ओलांडून कट्ट्यावर गप्पा मारीत बसेल, हे दृश्य तसे नवेच. आम्हांला जगवायचे कसे ते विद्वानांनी आधी शोधले. म्हातारे झाल्यावर आमचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना सवडीने पडला.

मला तो पडला गेल्या वर्षी, ठाण्याला एका लग्नात. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३२ मिनिटांचा. सकाळी आठला न्याहारी आणि गोळी नेहमीप्रमाणे झाली होती. पुढे सनई, सत्कार, छायाचित्रे असे करीत पंगत मांडायला सव्वादोन वाजले. लग्नघरी वेळ होतोच, त्यात कोणाला बोल लावण्यासारखे काही नाही. पण मी घेत असलेल्या दोन गोळ्यांपैकी एक स्वादुपिंडाला टोचून टोचून इन्सुलिन काढायला लावणारी होती. तिला मुहूर्त कळत नाही.

मला स्वतःला त्यातले फारसे आठवत नाही, आणि भीतीची गोष्ट तीच. तरुण माणसाची साखर उतरली तर छाती धडधडते, हात कापतात, भुकेने जीव कासावीस होतो. शरीर घंटा बडवून सांगते. बरीच वर्षे मधुमेहात आणि बरीच वर्षे आयुष्यात काढली की ही घंटा बोदी होते. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना मी म्हणे शांतपणे सांगितले, "फळ्यावर जा आणि पुढचे उदाहरण सोडव." ते हसले. मास्तरांनी विनोद केला असे त्यांना वाटले. मग मी तेच दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले, आणि माझा सदरा घामाने भिजलेला कोणाच्या तरी लक्षात आला.

कोणी म्हणाले उकाडा, कोणी पित्त. एकीने कांदा हुंगवायला सांगितले. एका प्रेमळ आजीबाईंनी पेढा पुढे केला. माझ्या चुलत पुतण्याची मुलगी वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने पेढा बाजूला सारला आणि पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून मला घोटाघोटाने पाजली. (पेढ्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो, अशा वेळी साधी साखर किंवा ग्लुकोजच हवे. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.) यंत्रावर आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेले की धोका समजतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तेव्हा ८८ होता आणि मी हॉलमधल्या पंख्यांची संख्या मोजीत होतो. चौदा.

आमचे डॉक्टर मितभाषी आहेत. त्यांनी माझी अकरावी वही चाळली, मग तीन महिन्यांच्या सरासरीचा कागद पाहिला. या तपासणीत तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतात. त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एक दिवस उपास करून तिला फसवता येत नाही. माझा आकडा ६.६ होता. मी शाबासकीची वाट पाहत होतो. ते म्हणाले, "सर, हा आकडा तुमच्या वयाला फार कमी आहे. टोचणारी गोळी बंद. यापुढे आठच्या आत राहिलात तरी मी खूष."

आठ! बावीस वर्षे सातच्या आत राहण्यासाठी मी लग्नांत जिलेबीकडे पाठ करून बसलो, आणि आता हे सद्गृहस्थ आठ म्हणतात. मी त्यांना विचारले, "म्हणजे तुम्ही माझी आशा सोडलीत?" ते हसले नाहीत, हे मला आवडले. त्यांनी मला अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या पाहणीची हकीकत सांगितली. १०,२५१ मधुमेही माणसे घेतली, सरासरी वय बासष्ट, आणि बहुतेकांना हृदयविकाराचा धोका अधिक. निम्म्यांची ही सरासरी सहाच्या खाली आणायचा कसोशीने प्रयत्न केला. निम्म्यांना सात ते आठच्या दरम्यान राहू दिले. अपेक्षा अशी की कडक शिस्तीतली माणसे अधिक जगतील. झाले उलटे. त्यांच्यातच मृत्यू अधिक होऊ लागले, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती कडक उपचारांची बाजू मुदतीआधी बंद करावी लागली. तसे का झाले यावर पंडितांचे वाद आहेत. परंतु म्हाताऱ्या माणसाला वाढलेली साखर हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने छळते आणि उतरलेली साखर एका मिनिटात जिन्यावरून खाली ढकलते, एवढे माझ्यासारख्याला कळायला पुष्कळ झाले. तरुणांना मात्र हा आठाचा आकडा लागू नाही. त्यांच्यापुढे अजून चाळीस वर्षे आहेत, त्यांनी सातच्याच आत राहावे. आणि म्हाताऱ्यांनीही आपला आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

सगळे पटले. तरीही घरी येताना माझा चेहरा उतरलेला होता. त्याचे कारण गणिताच्या मास्तरालाच कळेल. शाळेत आम्ही सवलतीचे गुण देत असू. पस्तीसला दोन-तीन कमी पडणाऱ्या मुलाला ते देताना मला कधी जड गेले नाही. उलट पुढच्या वर्गात तो सुखाने जाईल याचे बरे वाटे. परंतु गुणपत्रिकेवर त्या आकड्यापुढे एक खूण असे, आणि मुलगा घरी जाताना अंगठ्याने ती खूण झाकून कागद धरी. त्या मुलांच्या अंगठ्यांची मला त्या दिवशी जिन्यात आठवण झाली.

आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मी थांबतो. पूर्वी तिथल्या बिऱ्हाडाची नावाची पाटी वाचण्याचे निमित्त करीत असे. आता ती सबंध चाळीला माझ्याइतकीच पाठ आहे, तेव्हा नुसताच थांबतो. डॉक्टर दर सहा महिन्यांनी माझ्या तळपायांना नायलॉनचा एक बारीक धागा टेकवतात. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. डोळे मिटून, लागला की "हो" म्हणायचे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मी आता "हो" म्हणत नाही. तिथे खडा टोचला तरी मला कळणार नाही, म्हणून चप्पल घालण्यापूर्वी झटकायची, रोज रात्री तळपाय पाहायचे. माझी पाठ वाकत नाही, त्यामुळे जमिनीवर आरसा ठेवून पाहतो. नातीला हा खेळ फार आवडतो. "आजोबा, आज पाय हसतोय का?" असे ती विचारते.

पायाचे स्नायूही उतरले आहेत. जेवणातली साखर उचलून ठेवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. वयाबरोबर कोठार लहान होत जाते, मग धान्य अंगणात पडून राहते. म्हणून हल्ली मी खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठतो, दहा वेळा बसतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात फेऱ्या मारतो. आमच्या आजीने शतपावली म्हणून जे घालून दिले होते, त्याला डॉक्टरही नाव ठेवीत नाहीत. त्याने पंचविशीतले पाय परत येणार नाहीत. असलेले आणखी काही दिवस चोपन्न पायऱ्या चढावेत, एवढीच मागणी.

यातले काहीही मी एवढ्या खुषीने स्वीकारले असते की नाही, कोणास ठाऊक. पण त्या लग्नानंतरच्या रात्रींविषयी सांगायचे राहिले. माझी झोप म्हातारपणाची, पातळ. रोज दोनच्या सुमारास कपाळावर एक हात येई, घाम आहे का पाही, आणि जाई. पुन्हा पहाटे चारला. बोलणे काही नाही. ही माझ्याहून पाच वर्षांनी लहान, गुडघे दोन्ही दुखरे, रात्री उठताना पलंगाची कड धरते ते मला ऐकू येई. दहाव्या-बाराव्या रात्री मी म्हटले, "अगं, झोप. मला काही होत नाही."

"तुम्हांला कळत नाही ना होताना," ती म्हणाली. "म्हणून मी बघते."

गोळी बंद झाली, डॉक्टरांनी तिच्या समोर बसून सांगितले की आता तशी भीती जवळजवळ नाही, आणि हळूहळू तो हात यायचा थांबला. माझी सरासरी सध्या ७.६ आहे. वहीत ती मी निळ्या शाईने लिहिली.

सवय अशी की दोनला मला जाग येतेच. शेजारी तिचा श्वास संथ चालू असतो, कधीकधी घोरणेही, जे ती सकाळी साफ नाकबूल करते. उशाजवळच्या स्टुलावर तिने साखरेची डबी, चमचा आणि पाण्याचा तांब्या असे अजून मांडून ठेवलेले आहे. ते मात्र हलवू देत नाही. परवा पाहिले तर डबीला मुंग्या लागल्या होत्या. आवाज न करता उठलो, डबी पुसली, आणि ताटलीत पाणी घालून तिच्यात उभी करून ठेवली.